मेल पोहोचत नाही तेव्हा : स्वतःच्या डोमेनवर मेल सर्व्हर वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

बुटीबोरी आणि हिंगण्यातील कारखाने, वाडीचे वाहतूकदार, कळमन्यातील अडते, धरमपेठेतील सनदी लेखापालांची कार्यालये अशा आमच्या ग्राहकांपैकी ज्यांनी स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे मेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या स्वतःच्या नावावर, मेल सर्व्हर घेतला आहे, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. आपला सर्व्हर आम्ही उभारतो आणि सांभाळतो. तरीही त्याचे काम कसे चालते हे आपल्या कार्यालयातील निदान एका व्यक्तीला ठाऊक असावे, असा आमचा आग्रह आहे. कारण मेल अडतो तेव्हा दोष पुष्कळदा सर्व्हरच्या यंत्रात नसून डोमेनच्या नोंदींत असतो, आणि त्या नोंदी बदलण्याचा अधिकार आपला असतो.

मेल जातो कसा

आपण पाठवलेला मेल आउटलुक किंवा थंडरबर्ड प्रथम आपल्याच सर्व्हरकडे सोपवते. आपला सर्व्हर समोरच्या डोमेनची एमएक्स नोंद (मेल कोठे द्यावा ते सांगणारी) डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या इंटरनेटवरील सूचीत, पाहतो, त्या नोंदीतील सर्व्हरशी पोर्ट २५ (जोडणीचा ठरलेला क्रमांक) वर संपर्क साधतो आणि एसएमटीपीच्या, म्हणजे मेल पोहोचवण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या, नियमांनुसार मेल सुपूर्द करतो. हे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिले. त्या काळी जाळ्यावर मुख्यतः विद्यापीठे आणि संशोधन संस्था होत्या व त्यांचा एकमेकांवर विश्वास होता, त्यामुळे पाठवणारा खरोखर तोच आहे का हे तपासण्याची सोय त्या नियमांत नव्हती. आज आपल्याला डोमेनवर ज्या नोंदी कराव्या लागतात, त्यांतील बहुतेक ही उणीव भरून काढण्यासाठीच पुढे आल्या.

संगणकावर किंवा मोबाइलवर खाते जोडताना येणाऱ्या मेलसाठी आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून दाखवणारी पद्धत) आणि पोर्ट ९९३ निवडावा. जाणाऱ्या मेलसाठी पोर्ट ४६५ असल्यास टीएलएस आणि ५८७ असल्यास स्टार्टटीएलएस निवडावे; या दोन्ही जोडणी गुप्त ठेवण्याच्या पद्धती आहेत. वापरकर्त्याचे नाव म्हणून संपूर्ण पत्ता द्यावा. पोर्ट २५ तेथे घालू नये, कारण तो सर्व्हरने सर्व्हरशी बोलण्यासाठी आहे आणि अनेक इंटरनेट पुरवठादार तो बंदच ठेवतात. जुन्या संगणकांवर पॉप पद्धतीचे खाते अजून दिसते. ते बहुधा मेल संगणकावर उतरवून सर्व्हरवरून पुसून टाकते आणि पुढे हार्ड डिस्क बिघडली की सारा पत्रव्यवहार जातो. अशी खाती आयमॅपवर आणण्यासाठी आम्हाला अवश्य कळवावे.

डोमेनच्या नोंदी

एमएक्स नोंद आपला मेल कोठे स्वीकारला जातो ते सांगते. अशा नोंदी एकाहून अधिक असल्यास ज्या नोंदीचा अंक लहान, तिला आधी मान मिळतो. नोंदीत आयपी पत्ता, म्हणजे सर्व्हरचा आकड्यांतील पत्ता, लिहून चालत नाही. सर्व्हरचे नाव द्यावे लागते, आणि ते नाव दुसऱ्या नावाचे टोपणनाव, म्हणजे सीनेम, नसावे.

पीटीआर नोंद याच्या उलट दिशेची असते आणि आयपी पत्त्यावरून नाव सांगते. ही नोंद डोमेनच्या पॅनेलमधून (नोंदी बदलण्याच्या वेबपानावरून) होत नाही; आयपी पत्ता ज्याच्या ताब्यात आहे, तो इंटरनेट किंवा डेटा सेंटर पुरवठादारच ती करू शकतो. नावावरून आयपी आणि आयपीवरून तेच नाव, असा दोन्हीकडून मेळ बसला नाही तर मोठे मेल पुरवठादार मेल नाकारतात. कार्यालयात साधे ब्रॉडबँड घेऊन त्यावरच मेल सर्व्हर चालवावा, अशी विचारणा आमच्याकडे वारंवार होते. बदलत्या आयपी पत्त्यांचे पट्टेच्या पट्टे स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत, म्हणजे जेथून थेट मेल येऊ नये अशा पत्त्यांच्या यादीत, असतात, त्यामुळे तेथून थेट पाठवलेला मेल बहुतेक ठिकाणी दारातच अडतो. म्हणून आम्ही तसा सल्ला देत नाही.

एसपीएफ नोंदीत आपल्या डोमेनच्या नावाने मेल पाठवण्याची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे ते लिहिलेले असते. आमच्या अनुभवात सर्वाधिक गोंधळ याच नोंदीचा होतो. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद असावी. वेबसाइट करून देणाऱ्याने जुनी नोंद तशीच ठेवून दुसरी जोडली, तर दोन्ही निरुपयोगी ठरतात आणि तपासणीत कायमची त्रुटी येते. शिवाय ही नोंद तपासताना होणारे डीएनएसचे शोध दहाच्या वर जाऊ नयेत, असा नियम आहे. बिलिंग सॉफ्टवेअर, जाहिरातींचे मेल पाठवणारी सेवा, पगारपत्रके पाठवणारी सेवा असे एकेक जोडत गेल्यावर ही मर्यादा कधी ओलांडली गेली हे कोणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या डोमेनवरून मेल पाठवणारी कोणतीही नवी सेवा घेण्यापूर्वी आम्हाला एक फोन करावा, ही विनंती यासाठीच आहे. बिले ग्राहकांच्या स्पॅममध्ये जात असल्याची तक्रार येते तेव्हा मेल सर्व्हर निर्दोष असतो आणि बिले भलत्याच सर्व्हरवरून जात असतात, असे अनेकदा आढळते.

डीकेआयएम ही प्रत्येक मेलवर सर्व्हरने केलेली सही असते. ती तपासण्याची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये असते. आम्ही २०४८ बिटांची किल्ली वापरतो. डीएनएसच्या मजकूर नोंदीत एका तुकड्यात २५५ अक्षरेच मावत असल्याने ही किल्ली तुकड्यांत लिहावी लागते, आणि काही पॅनेल ती चिकटवताना मध्ये जागा सोडतात किंवा शेवट कापतात. मग नोंद दिसते, पण सही जुळत नाही. मेल दुसरीकडे फॉरवर्ड झाला की एसपीएफ बहुधा निष्फळ ठरते, मात्र मजकुरात फेरफार झाला नसेल तर ही सही टिकते. म्हणून दोन्ही असणे आवश्यक आहे.

डीमार्क नोंद या दोहोंवर उभी आहे. मेलच्या माथ्यावर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात दिसणारे डोमेन आणि एसपीएफ किंवा डीकेआयएमने सिद्ध झालेले डोमेन जुळत नसेल तर काय करावे, हे ती समोरच्या सर्व्हरला सांगते. आरंभी ती केवळ अहवाल मागवणारी, म्हणजे ‘नन’, ठेवावी. काही आठवडे अहवाल वाचून आपल्या नावाने कोण कोण मेल पाठवते ते समजून घ्यावे आणि त्यानंतरच ‘क्वारंटाइन’ व ‘रिजेक्ट’ या कडक पायऱ्यांवर जावे. घाईने ‘रिजेक्ट’ केल्यास आपलीच बिले परत येतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या वैयक्तिक खात्यांना दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तिन्ही अनिवार्य आहेत. त्याहून कमी पाठवणाऱ्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक आणि पीटीआर नोंद लागतेच.

परत आलेला मेल

न पोहोचलेल्या मेलबद्दल सर्व्हर जे पत्र पाठवतो, ते पुष्कळ जण इंग्रजी मजकूर पाहून न वाचताच पुसतात. कृपया असे करू नये, कारण मेल का अडला याचे उत्तर त्यातच असते. त्यात तीन अंकी क्रमांक शोधावा. तो ४ ने सुरू होत असल्यास अडचण तात्पुरती आहे आणि सर्व्हर स्वतः पुन्हा प्रयत्न करीत राहतो. ५ ने सुरू होत असल्यास नकार कायमचा आहे आणि तोच मेल पुन्हा पुन्हा पाठवून उपयोग नाही. ५५० सोबत ५.१.१ असे लिहिलेले असल्यास समोरचा पत्ता अस्तित्वात नाही, तेव्हा आधी स्पेलिंग तपासावे. ५.७.१ म्हणजे धोरणानुसार नकार, आणि त्यामागे बहुधा वर सांगितलेल्या नोंदी किंवा स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरची एखादी काळी यादी असते. ५५२ हा आकडा बहुधा मेलचा आकार किंवा पेटीतील जागा मर्यादेबाहेर गेल्याचे सांगतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की जोडलेली फाइल मेलमध्ये बसवताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची मूळ मर्यादा सुमारे १० एमबी असल्याने, ती वाढवली नसेल तर ८ एमबीचा नकाशाही अडकतो. ५३५ मात्र पासवर्ड चुकल्याचा संदेश आहे. एका जागी पासवर्ड बदलून मोबाइलवर जुनाच राहिला की तो येतो.

नव्या व्यक्तीला पाठवलेला पहिला मेल अर्धा तास उशिरा पोहोचला तर काळजीचे कारण नाही. अनोळखी सर्व्हरला मुद्दाम ‘थोड्या वेळाने या’ असे सांगून पारखण्याची ती पद्धत आहे.

वीज, उष्मा आणि मुदती

रात्रभर वीज गेली आणि सर्व्हर बंद पडला तर त्या काळातील मेल नष्ट होत नाहीत. पाठवणारा सर्व्हर ते आपल्या रांगेत ठेवून साधारणपणे चार-पाच दिवस प्रयत्न करीत राहतो. मात्र कार्यालयात सर्व्हर ठेवणाऱ्यांनी मे महिन्याचा विचार अवश्य करावा. नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पोटमाळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवलेले यंत्र रविवारी एसी बंद असताना तापते आणि डिस्क कायमची निकामी होऊ शकते. बॅकअप त्या खोलीबाहेर असावा.

डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना ज्या पत्त्यावर येते, तो पत्ता त्याच डोमेनवरचा नसावा. मुदत संपून डोमेन बंद पडले, तर पुढच्या सूचनाही त्याच बंद पेटीकडे जातात. नोंदणी फर्मच्या मालकाच्या नावावर असावी, आमच्या किंवा वेबसाइट करणाऱ्याच्या नावावर नव्हे. सर्व्हरची ओळख पटवणारे लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते आणि ते आपोआप नवे होते, परंतु नवे प्रमाणपत्र सर्व्हरने पुन्हा वाचावे लागते. ते वाचले न गेल्यास सर्व संगणकांवर एकाच वेळी इशारा झळकतो. तो ‘स्वीकारा’ म्हणून दडपू नये, आम्हाला कळवावे.

पासवर्ड चोरीला गेल्यास

आपण न पाठवलेल्या मेलची परतपत्रे येऊ लागली, किंवा काळ्या यादीत नाव आल्याचे कळले, तर खात्याचा पासवर्ड त्वरित बदलावा. त्यानंतर आम्ही रांगेतील कचरा काढतो आणि यादीतून नाव वगळण्याची विनंती सर्वांत शेवटी करतो, कारण गळती चालू असताना केलेली विनंती फुकट जाते. खात्यातील फॉरवर्ड करण्याचे नियमही तपासावे. चोर तेथे स्वतःचा पत्ता घालून महिनोन्महिने आपला पत्रव्यवहार वाचतो आणि मोठे बिल निघाले की ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे पत्र ग्राहकाला पाठवतो. असे पत्र आल्यास आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

तक्रार कळवताना

पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, मेल पाठवल्याची वेळ आणि परत आलेले पत्र जसेच्या तसे, फाइल म्हणून जोडून पाठवावे. मोबाइलने काढलेल्या फोटोत आम्हाला हवे असलेले शीर्षभागातील तपशील येत नाहीत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हरच्या नोंदवह्या (लॉग) आम्ही १८० दिवस जपतो. त्याहून जुन्या मेलचा माग काढता येत नाही, म्हणून महत्त्वाचा मेल पोहोचला नसल्याचे कळताच विलंब न लावता कळवावे.