अंगावरून वारं गेल्यावर मेंदूची तालीम

अंगावरून वारं गेलं म्हटलं की सगळं घर हातापायाकडे बघतं. फिजिओ येतो, मुठीत बॉल देतात, माणूस चालायला लागला की झाला बरा. पण तोच माणूस गॅसवर दूध ठेवून विसरतो, दोघं एकदम बोलले की गोंधळतो आणि घरचे म्हणतात वय झालं. वय नाही हो, रक्त न मिळाल्याने मेंदूचा जो भाग गेला त्याचंच हे काम होतं. 

हातापायासारखी मेंदूचीही तालीम करता येते, ती कॉम्प्युटरवर करून घेतात. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी. ५-२-९ ऐका आणि उलटं सांगा, ९-२-५. आकडे डोक्यात धरून ठेवायचे आणि त्याच वेळी फिरवायचे, ही वर्किंग मेमरी. कॉम्प्युटर हेच खेळवतो, पण बरोबर आलं की आकडा वाढवतो, चुकलं की कमी करतो, म्हणजे तालमीत वस्ताद कसा थोडाच वरचढ जोड देतो, रोज पडायचंही नाही आणि रोज सहज जिंकायचंही नाही, तसं पेशंट कायम आपल्या क्षमतेच्या काठावर राहतो. वहीतल्या गणितांना हे जमत नाही, ती सगळ्यांना सारखीच.

२००७ साली स्वीडनमध्ये स्ट्रोक (म्हणजे हेच वारं जाणं) होऊन एक ते तीन वर्षं झालेल्या १८ जणांवर हे करून बघितलं. निम्म्यांनी रोज ४० मिनिटं, आठवड्याला ५ दिवस, ५ आठवडे सराव केला. न शिकवलेल्या चाचण्यांतही ते सुधारले, रोजचं विसरणं कमी झाल्याचंही त्यांनीच सांगितलं. पण १८ म्हणजे फार थोडे, आणि उरलेल्या निम्म्यांना कुठलाच सराव नव्हता, त्यामुळे नुसत्या उमेदीचा परिणाम किती ते वेगळं काढता येत नाही.

म्हणून ब्रेन गेमच्या जाहिरातींना भुलू नका. स्ट्रोकनंतरची बुद्धी सुधारते असं पुराव्याशिवाय सांगणाऱ्या ल्युमॉसिटी या ब्रेन गेमवाल्यांना २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले.

खरी अडचण पडद्यावरचं घरात उतरण्याची आहे. ब्रिटनमध्ये वाचाघात झालेल्या, म्हणजे स्ट्रोकनंतर बोलताना शब्द न आठवणाऱ्या २७८ जणांवर मोठा प्रयोग झाला, निकाल २०१९ मध्ये आले. कॉम्प्युटरवर सराव करणाऱ्यांनी प्रत्येकी आपापल्या गरजेचे १०० शब्द घेतले. ते शब्द आठवायला लागले, गप्पा मात्र सुधारल्या नाहीत. त्यामुळे पडद्यावर "चहा" आला की त्याच दुपारी स्वयंपाकघरात पेशंटला तो तोंडाने मागू द्या, आणि मागेपर्यंत कप पुढे करू नका.