वॉर्ड की प्रभाग? पुण्यातल्या नागरी उमेदवारीची पार्श्वभूमी

१५ जानेवारी २०२६ ला पुण्याने महापालिकेसाठी मतदान केलं, ते जवळजवळ नऊ वर्षांनी. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि तेव्हापासून कारभार प्रशासकाच्या हाती होता. या काळात टेकड्यांसाठी, नदीकाठासाठी, पदपथांसाठी झगडणारे नागरिकांचे गट शहरात कधी नव्हे इतके जागे होते. तरीही आमच्या ओळखीतल्या बहुतेक गटांनी उमेदवार दिला नाही. उमेदवारांपुढे मागण्या ठेवायच्या आणि त्यांच्याकडून शब्द घ्यायचा, एवढंच ठरलं. हे असं का झालं, ते समजायला वीस वर्षं मागे जावं लागतं.

त्याहून मागचं थोडक्यात सांगतो. महापालिका १९५० ची. पक्षाचं नाव बाजूला ठेवून ‘नागरी’ आघाडीच्या नावाने लढायची पद्धत पुण्यात जुनीच, पण त्या आघाड्या बहुतांशी पुढाऱ्यांच्या होत्या. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. त्यांवर सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेण्याची सोय राज्याच्या कायद्यात झाली. नागरिकांसाठी ठेवलेल्या त्या जागांवर बऱ्याचदा पक्षाचेच कार्यकर्ते संस्थेचा कागद जोडून बसले. मागच्या दाराने आत जाता येणार नाही, पुढच्या दाराने म्हणजे निवडणुकीनेच जावं लागेल, हा विचार तिथून बळावला.

इथे एका शब्दाचा गुंता सोडवायला हवा, कारण अर्धे गैरसमज त्यातूनच होतात. ‘प्रभाग’ हा ‘वॉर्ड’चाच मराठी शब्द. मुंबईत प्रशासकीय वॉर्ड पंचवीसच्या आसपास आहेत आणि निवडणुकीचे प्रभाग २२७, त्यामुळे तिथे वॉर्ड मोठा आणि प्रभाग लहान. पुण्यात लोक क्षेत्रीय कार्यालयाला ‘वॉर्ड ऑफिस’ म्हणतात, तर त्या कार्यालयाच्या हद्दीत येणाऱ्या अनेक प्रभागांच्या मिळून झालेल्या समितीचं नाव मात्र ‘प्रभाग समिती’. त्यात राजकीय बोलीने आणखी एक अर्थ घातला: ‘वॉर्ड पद्धत’ म्हणजे एका जागेला एक नगरसेवक आणि ‘प्रभाग पद्धत’ म्हणजे एकाच हद्दीत दोन, तीन किंवा चार. त्यामुळे सोसायटीच्या बैठकीत कुणी ‘आपला वॉर्ड’ म्हणालं, की चार जणांच्या डोळ्यांपुढे चार नकाशे उभे राहतात.

खरा वाद या दुसऱ्या अर्थाचा आहे. २००२ ची निवडणूक तीन सदस्यांच्या प्रभागांनी झाली, २००७ ची एकसदस्यीय वॉर्डांनी, २०१२ ची दोन सदस्यांच्या आणि २०१७ ची चार सदस्यांच्या प्रभागांनी. पुढे २०१९ मध्ये कायदा पुन्हा एकसदस्यीय झाला, २०२१ मध्ये तीन सदस्यांचा निर्णय आला आणि २०२२ मध्ये नव्या सरकारने चार सदस्यांचा प्रभाग परत आणला. सरकारं बदलली तसा आकडा बदलला. मुंबई मात्र या सगळ्यात एकसदस्यीयच राहिली. एकाच राज्यात मुंबईच्या मतदाराला एक नगरसेवक पुरतो आणि पुण्याच्या मतदाराला चार लागतात, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

बहुसदस्यीय पद्धतीच्या बाजूचा एक मुद्दा खरा आहे. महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी दोन सदस्यांच्या प्रभागात एक जागा महिलेची, असा सरळ हिशोब बसला. आरक्षणाच्या सोडतीत अख्खा वॉर्ड आरक्षित होऊन कुणाची वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात जाण्याचा धोकाही कमी झाला. पण हेच दोन सदस्यांत साधत असेल, तर चार कशाला?

चाराने काय होतं, ते आकड्यात बघा. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ३१ लाखांवर. २०१७ मध्ये १६२ जागा ४१ प्रभागांत बसवल्या, म्हणजे एका प्रभागात सरासरी ७६ हजार माणसं. मागे पक्ष नसलेल्या एकट्या उमेदवाराला एवढ्या मोठ्या हद्दीत घरोघरी पोचायचं असतं. पक्षांचे उमेदवार चौघांचं पॅनेल करून एकच पत्रक वाटतात आणि खर्चाचा भार चौघांत वाटला जातो. नागरिकांच्या गटाला एक उभा राहायला तयार माणूस मिळतानाच मारामार, तिथे चार कुठून आणायचे, आणि तेही आरक्षणाच्या अ, ब, क, ड जागांत बसणारे?

२००७ ला चित्र वेगळं होतं. मुंबईत जुहूतून नागरिकांनी उभा केलेला एक उमेदवार त्या वर्षी निवडूनही आला, आणि त्या बातमीने पुण्यातही हुरूप आला. आमच्या भागात तयारी चालायची ती एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन सतरंज्या टाकून. मतदारयादीची पानं इमारतीप्रमाणे कापून दोनशे पानी वहीत डकवलेली असत. ज्या घरी जाऊन आलो त्यापुढे निळी खूण, जिथे माणूस घर सोडून गेला तिथे लाल. वॉर्ड इतका लहान होता की पंधरा-वीस जणांना ती वही पुरी करता आली. आमचा माणूस पडला. पण ती वही पुढेही कामी आली, पाण्याच्या तक्रारींना आणि २०१३ च्या विकास आराखड्यावर हरकती गोळा करायलाही. त्या आराखड्यावर शहरातून ८७ हजार हरकती गेल्या. त्या गल्लीगल्लीतून फॉर्म भरून घेणाऱ्या अशाच लोकांमुळे गेल्या.

२०१७ च्या फेब्रुवारीत मी मतदान केंद्राबाहेर स्लिपा देत होतो. आतून एक आजी बाहेर आल्या आणि मागोमाग कर्मचारी धावत आला, “आजी, अजून तीन मतं राहिलीत.” एक बटण दाबलं की झालं, असं त्यांना वाटलं होतं. चारही मतं पडेपर्यंत यंत्राचा आवाज येत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या परत आत गेल्या. उरलेली तीन बटणं त्यांनी कुणाला ओळखून दाबली असतील?

क्षेत्रसभेची, म्हणजे छोट्या भागातल्या मतदारांच्या सभेची, गोष्टही याच गुंत्यात अडकली. केंद्र सरकारच्या नागरी योजनेच्या पैशासाठी लोकसहभागाचा कायदा करण्याची अट होती. ती पुरी करायला २००९ मध्ये राज्याने महापालिका कायद्यात दुरुस्ती करून काही मतदान केंद्रांच्या हद्दीएवढी क्षेत्रसभा लिहिली. कागदावर ती ग्रामसभेची शहरी बहीण. अध्यक्ष मात्र नगरसेवकच. त्या सभा शहरात रुजल्याच नाहीत. तुलनेने २००६ पासून सुरू झालेलं सहभागी अंदाजपत्रक टिकलं. नागरिक क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन आपल्या भागातलं छोटं काम सुचवतात. बाक, दिवे, पदपथाची दुरुस्ती अशी ही कामं. अनेक गटांना महापालिकेचं काम कसं चालतं ते याच अर्जाने शिकवलं.

२०२६ मध्ये पुण्यात प्रभाग पुन्हा ४१ होते आणि जागा १६५. त्यातले ४० चार सदस्यांचे आणि एक पाच सदस्यांचा. प्रभागांच्या प्रारूप रचनेवर हरकती मागवल्या गेल्या, तेव्हा कोणता ओढा कोणत्या प्रभागात आणि कोणती गल्ली कुठे, यावर बोलायची मुभा होती. प्रभागात सदस्य किती, हा प्रश्न तिथे काढायची सोयच नव्हती, कारण तो मंत्रालयात आधीच सुटला होता. आमच्या भागातल्या दोघांनी तरीही तो अर्जाच्या शेवटच्या ओळीत लिहिला.