टोलेडोचे काच-दालन : कारखाना, यंत्र आणि फुंकनळी

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील टोलेडो शहरात, ‘टोलेडो म्युझियम ऑफ आर्ट’ या कलासंग्रहालयाच्या मुख्य इमारतीसमोर, रस्त्यापलीकडे, ‘ग्लास पॅव्हिलियन’ नावाची एक बैठी इमारत आहे. प्राचीन रोमन काळापासून आजच्या कलावंतांपर्यंतच्या काचवस्तू तेथे मांडलेल्या असून त्याच छपराखाली काच वितळवण्याच्या भट्ट्याही चालू असतात. उद्योग ओसरल्यावर शहराला नवी ओळख मिळावी म्हणून उभारलेल्या संग्रहालयांत या दालनाची गणना करण्याचा मोह होतो, परंतु त्याने इतिहासावर अन्याय होतो. येथील संग्रहालय काचधंद्याच्या ऐन भरात, त्याच धंद्याच्या पैशातून उभे राहिले. आणि यंत्रे आल्यावर कारखान्याला ज्या हातांची गरज उरली नाही, त्या हातांचे कसब पुढे याच संग्रहालयाच्या आवारात पुन्हा रुजले.

काचेचा धंदा टोलेडोत बाहेरून आला. मॅसॅच्युसेट्समधील ईस्ट केम्ब्रिज येथे 1818 मध्ये स्थापन झालेली न्यू इंग्लंड ग्लास कंपनी 1880 च्या दशकात महागडे इंधन आणि कामगारांचा संप यांमुळे जेरीस आली होती. वडिलांच्या पश्चात तिचा कारभार पाहणाऱ्या एडवर्ड ड्रमंड लिबी यांनी 1888 मध्ये, वयाच्या चौतिशीत, कारखाना टोलेडोला हलवला. वायव्य ओहायोत नैसर्गिक वायू नुकताच सापडला होता, काचेला लागणारी चांगली वाळू परिसरात मिळत होती, आणि ईरी सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीवरचे बंदर व रेल्वेमार्ग यांमुळे माल देशभर पाठवणे सोपे होते. वायूचे ते साठे काही वर्षांतच आटले. तोवर कारखाना आणि कारागीर मात्र शहरात स्थिरावले होते. 1892 मध्ये कंपनीचे नाव लिबी ग्लास कंपनी झाले. पुढच्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लिबींनी चालता काचकारखानाच उभा केला. तेथे रेशमाबरोबर काचतंतू विणून केलेल्या वस्त्राचा पोशाख लोकांना दाखवण्यात आला. तो पाहून स्पेनची राजकन्या युलालिया हिने तसाच पोशाख स्वतःसाठी करवून घेतला. जाड, पाणीदार काचेवर चाकाने खोल नक्षी कोरण्याच्या कामातही कंपनीचे नाव झाले. 1904 च्या सेंट लुईस प्रदर्शनासाठी कोरलेले, 60 किलोंच्या आसपास वजनाचे प्रचंड पेयपात्र हा त्या कामाचा कळस म्हणावा लागेल. ते आज संग्रहालयाच्या मालकीचे आहे.

परंतु टोलेडोने जगाचे दैनंदिन जीवन बदलले ते नक्षीच्या काचेने नव्हे, तर साध्या बाटलीने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाटली हे एका जथ्याचे काम असे. एक जण फुंकनळीच्या टोकाला भट्टीतून वितळलेली काच घेई, दुसरा ती साच्यात धरून फुंके, कोणी गळ्याला आकार देई. साच्याची उघडझाप करणे आणि तयार बाटल्या हळूहळू निवण्यासाठी दुसऱ्या भट्टीकडे धावत नेणे, ही कामे लहान मुलांकडे असत. मायकेल ओवेन्स हा अशाच मुलांपैकी एक. पश्चिम व्हर्जिनियातील व्हीलिंग येथे वयाच्या दहाव्या वर्षी त्याने काचकारखान्याच्या भट्टीत कोळसा टाकण्याचे काम सुरू केले, किशोरवयातच तो काच फुंकू लागला आणि 1888 मध्ये लिबींकडे आला. दट्ट्या मागे ओढून काच साच्यात खेचायची आणि मग तोच पुढे ढकलून ती फुगवायची, अशा हातपंपावर त्याचे पहिले प्रयोग झाले. त्यातून 1903 पर्यंत संपूर्ण स्वयंचलित यंत्र उभे राहिले. यंत्राच्या बाटल्यांची तोंडे एकसारखी असल्याने बाटल्या भरणे आणि बुचे बसवणेही यंत्राने करता येऊ लागले. औषधे, दूध आणि पेये यांच्या विक्रीची घडीच त्यामुळे बदलली. बालमजुरीविरुद्ध लढणाऱ्या राष्ट्रीय समितीने 1913 मध्ये मान्य केले की, कायद्यांनी जे साधले नव्हते त्याहून अधिक या यंत्राने साधले. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे : वर्षानुवर्षे शिकून अंगी बाणवलेली विद्या, आणि तिच्यावर मिळणारी चांगली मजुरी, बाटली फुंकणाऱ्यांच्या हातून गेली.

या घडामोडींच्या मध्यावरच, 1901 मध्ये, लिबी आणि त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स स्कॉट लिबी यांच्या पुढाकाराने कलासंग्रहालय स्थापन झाले. मन्रो स्ट्रीटवरील आजची ग्रीक धाटणीची मुख्य इमारत 1912 मध्ये, फ्लॉरेन्स यांच्या घराण्याच्या जमिनीवर उभी राहिली. लिबींनी प्राचीन काचेचे संग्रह विकत घेऊन संग्रहालयाला दिले. ही दूरदृष्टी मला त्यांच्या कारखानदारीइतकीच महत्त्वाची वाटते, कारण त्यामुळे काच घडवणाऱ्या शहराला आपल्या कामाची दोन हजार वर्षांहून जुनी परंपरा घराजवळ पाहता आली. 1925 मध्ये लिबी वारले, तरी शहराचा काचधंदा फोफावतच राहिला. 1929 मध्ये बाटल्यांची ओवेन्स-इलिनॉय, 1930 मध्ये सपाट काचेची लिबी-ओवेन्स-फोर्ड आणि 1938 मध्ये काचतंतूंची ओवेन्स-कॉर्निंग या कंपन्या आकाराला आल्या.

एवढे सारे असूनही 1960 पर्यंत, कलावंताने कारखान्याबाहेर एकट्याने काच वितळवून फुंकणे जवळजवळ अशक्य मानले जात होते. विस्कॉन्सिन विद्यापीठात कुंभारकाम शिकवणारे हार्वे लिटलटन यांना ते शक्य करून दाखवायचे होते. त्यांचे वडील कॉर्निंग या काचकंपनीत भौतिकशास्त्रज्ञ होते. संग्रहालयाचे संचालक ऑटो विटमन यांनी त्यांना आवारातील एक गॅरेज दिले आणि मार्च 1962 मध्ये तेथे पहिली कार्यशाळा भरली. छोट्या भट्टीतला पहिला घाणा फसला. तेव्हा जॉन्स-मॅनव्हिल कंपनीत काचतंतूंवर संशोधन करणारे डॉमिनिक लॅबिनो मदतीला आले. त्यांनी भट्टीची रचना बदलायला सुचवले, आणि तंतू काढण्यासाठी कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या काचेच्या गोट्याच वितळवायला दिल्या. त्या कमी तापमानाला आणि एकजीव वितळत असल्याने कामाची काच तर मिळाली. पण ती फुंकायची कशी, हे जमलेल्या कुंभारांना नीट ठाऊक नव्हते. ते दाखवले लिबी कारखान्यातून निवृत्त झालेल्या हार्वे लीफग्रीन या कारागिराने. भट्टीचे शास्त्र कारखान्याच्या प्रयोगशाळेतून आले आणि फुंकण्याचा हात कारखान्यातूनच आला. त्याच वर्षी जूनमध्ये दुसरी कार्यशाळा झाली. अमेरिकेतील ‘स्टुडिओ ग्लास’ चळवळीचा आरंभ या दोन कार्यशाळांपासून धरला जातो. पुढे लिटलटन यांनी विस्कॉन्सिनमध्ये काचकाम शिकवायला सुरुवात केली आणि पुढे काचकलावंत म्हणून प्रसिद्ध झालेले डेल चिहुली हे तेथेच त्यांचे विद्यार्थी झाले. लॅबिनो यांनी नोकरी सोडून स्वतःला काचकलेला वाहून घेतले.

नंतरच्या दशकांत टोलेडोची उतरती कळा सुरू झाली. 1970 मध्ये सुमारे 3,83,000 असलेली लोकसंख्या 2020 मध्ये 2,71,000 च्या आसपास आली. लिबी-ओवेन्स-फोर्डचा काचव्यवसाय 1986 मध्ये ब्रिटनच्या पिल्किंग्टनकडे गेला, तर ओवेन्स-इलिनॉयने 2006 मध्ये मुख्यालय पेरिसबर्ग या उपनगरात नेले. त्याच 2006 मध्ये, ऑगस्टमध्ये, ग्लास पॅव्हिलियन खुले झाले. काझुयो सेजिमा आणि र्यूए निशिझावा यांच्या ‘साना’ या जपानी वास्तुसंस्थेची ही अमेरिकेतील पहिली इमारत. तिच्या बाहेरच्याच नव्हे, तर बहुतेक आतल्या भिंतीही पारदर्शक आहेत आणि कोपऱ्यांना गोलाईने वळतात. त्यासाठी 360 हून अधिक तावदाने लागली. दोन भिंतींमधली पोकळी बाहेरची थंडी-ऊन अडवते. या तावदानांची काच जर्मनीत तयार झाली आणि ती वळवण्याचे काम चीनमध्ये झाले. काचेची नगरी म्हणून मिरवणाऱ्या शहरासाठी ही बोचणारी गोष्ट होती, आणि या इमारतीविषयी लिहिताना ती वगळू नये असे मला वाटते. लिबी कंपनीचे पेले मात्र आजही टोलेडोतल्या कारखान्यात तयार होतात. दालनातल्या भट्टीवर कारागीर लोकांसमोर काच फुंकतात, आणि लिटलटन यांच्याकडे शिकलेल्या चिहुलींचे भले मोठे काचझुंबर त्याच इमारतीत टांगलेले आहे.