एस्टोनिया: पैसे भरण्याआधी हे वाचा

एस्टोनियाची चौकशी करायला येणारे बरेच जण पहिला प्रश्न एकच विचारतात: "ते ई-रेसिडेन्सीचं कार्ड काढलं की तिकडे राहता येतं ना?" नाही येत. हे पत्रक मुख्यतः एवढं सांगण्यासाठीच छापलं आहे.

एस्टोनियाने डिसेंबर 2014 मध्ये परदेशी लोकांसाठी ही डिजिटल ओळखपत्राची योजना सुरू केली. मंजुरी मिळाली की एक कार्ड, यूएसबीला जोडायचा छोटा रीडर आणि पिन क्रमांकांचा बंद लिफाफा हातात पडतो. चार आकडी पिन ओळख पटवायला, पाच आकडी पिन सही करायला. कार्ड नीट निरखून बघा, त्यावर तुमचा फोटोसुद्धा नसतो. विमानतळावर त्याचा उपयोग शून्य. घरबसल्या तिथे कंपनी नोंदवायला, कागदांवर डिजिटल सही करायला, विवरणपत्रं भरायला ते झकास आहे. पण तो व्हिसा नव्हे, राहण्याचा परवानाही नव्हे, आणि कार्ड आहे म्हणून तिथली बँक खातं उघडून देईलच असंही नाही.

कंपनी काढायची असेल तर

तिथल्या खासगी मर्यादित कंपनीला 'ओयू' म्हणतात. पूर्वी 2,500 युरोंचं भांडवल लागायचं. फेब्रुवारी 2023 पासून ती अट गेली. नफा कंपनीतच ठेवला तर त्यावर कर नाही, आणि नेमकं हेच वाक्य जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं. पुढचं आम्ही सांगतो: लाभांश काढला की कर लागतो. 2025 पासूनचा हिशोब असा, की तुमच्या हाती 78 युरो यायचे असतील तर कंपनीने 22 युरो सरकारला भरायचे. संचालक भारतात बसून कारभार बघत असेल तर तिथला अधिकृत पत्ता आणि संपर्क व्यक्ती लागते, तिची फी दरवर्षी असते. व्यवहार एकही झाला नसला तरी वार्षिक अहवाल चुकत नाही. कॅलेंडर वर्ष धरलं असेल तर 30 जूनच्या आत.

खरी मेख मात्र भारताच्या बाजूला आहे. तिथल्या कंपनीत शेअर घेणं ही रिझर्व्ह बँकेच्या लेखी परदेशातली थेट गुंतवणूक, म्हणजे आधी बँकेमार्फत फॉर्म भरायचा आणि मगच पैसे पाठवायचे. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता असतो, तिथे हे शेअर दाखवायचे. दडवले तर 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एक गृहस्थ कार्डावरून पाच मिनिटांत कंपनी काढून आले आणि मग आमच्या टेबलावर दोन महिने कागद जुळवत बसले. आधी बँकेचा फॉर्म, मग पैसे, हा क्रम उलटा करू नका.

फ्लॅट घेण्याबद्दलही विचारणा होते. परदेशी माणसाला तिथे फ्लॅट घेता येतो. पण त्यावर राहण्याचा परवाना मिळत नाही. गुंतवणुकीवर परवाना हवा असेल तर किमान 10 लाख युरो तिथल्या कंपनीत किंवा फंडात घालावे लागतात. भारतातून मात्र एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच पाठवता येतात. तेव्हा हा रस्ता आम्ही सहसा सुचवत नाही.

शिक्षण

तार्तू विद्यापीठ 1632 चं. तंत्रशिक्षणासाठी राजधानी टॅलिनचं टॅलटेक विद्यापीठ. इंग्रजीतून शिकवले जाणारे अभ्यासक्रम मास्टर्सला जास्त. पूर्णवेळ शिकत असाल तर त्यासोबत काम करायला वेगळा परवाना लागत नाही, पण कमाईवर फी भागेल असं गणित मांडून मुलाला पाठवू नका. पदव्यांवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, आधीच करून घ्या.

नोकरी आणि राहणं

देश साडेतेरा लाखांच्या आसपास वस्तीचा. बाहेरच्यांना द्यायच्या परवान्यांचा वार्षिक कोटा लोकसंख्येच्या 0.1 टक्के, म्हणजे जेमतेम तेराशे. आयटी आणि स्टार्टअपमधली माणसं या कोट्याबाहेर धरतात, म्हणून आमच्याकडून जाणारे बहुतेक त्याच क्षेत्रातले. नोकरी इथल्याच कंपनीची आणि काम लॅपटॉपवरचं असेल तर डिजिटल नोमॅड व्हिसा आहे, 2020 पासून. त्याला महिना 4,500 युरो उत्पन्न दाखवावं लागतं. आणि बारा महिन्यांत 183 दिवस तिथे काढले की तुम्ही तिथले करदाते होता, हे लक्षात ठेवा.

कायमच्या परवान्याला पाच वर्षं, नागरिकत्वाला आठ, आणि दोन्हींना एस्टोनियन भाषेची परीक्षा. आपण शाळेत आठ विभक्ती घोकल्या. तिथे चौदा आहेत. शिवाय नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो.

डिसेंबरात उजेड जेमतेम सहा तास. अंधारात पायी चालणाऱ्याने चमकणारी पट्टी लावणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून लोकांच्या कोटाच्या खिशातून दोरीला बांधलेला एक छोटा रिफ्लेक्टर लोंबत असतो. सुपरमार्केटातही मिळतो, उतरल्याबरोबर घ्या. घरभाडं ठरवताना हिवाळ्यातल्या हीटिंगचं बिल वेगळं असतं का, हे विचारा. भाड्यात ते बहुधा धरलेलं नसतं.

पहिल्या भेटीला पासपोर्ट, मागच्या दोन वर्षांची विवरणपत्रं आणि असल्यास ऑफर लेटर आणा. कार्ड आधीच काढलं असेल तर तेही आणा, पण पिनचा लिफाफा घरीच ठेवा. तो आम्हालाही दाखवायचा नसतो.