पंप ओरडतो, पण दुखणं वरच्या डब्यात असतं

माझ्या एका मित्रानं आपली फोर बाय फोर मोठ्या टायरवर चढवली आणि त्या उलाढालीत पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलचा डबा, म्हणजे रिझर्व्हायर, मूळ जागेवरून काढून मागे फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला, नेऊन लावला, कारण त्या जागी त्याला मोठा एअर फिल्टर बसवायचा होता. सपाट रस्त्यावर गाडी मस्त चालायची, पण दगडधोंड्यांच्या चढावर चाक वळवायला घेतलं की पंप कण्हायला लागायचा आणि स्टिअरिंग मधेच जड व्हायचं. "पंप गेला" असं सगळ्यांनी सांगितलं. पंप बदलला, थोड्याच दिवसांत परत तोच आवाज, मग दुसराही बदलला. तिसरा आणायला निघाला तेव्हा मी म्हटलं, थांब, आधी चढावरून आल्या आल्या झाकण उघड आणि टॉर्च मार. आत लालभडक दिसायला हवं ते ऑइल गुलाबी झालं होतं आणि वर बोटभर फेस तरंगत होता.

गुलाबी रंग म्हणजे ऑइलमध्ये मिसळलेली हवा. बारीक बुडबुडे प्रकाश विखुरतात म्हणून लाल ऑइल फिकट, दुधाळ दिसतं. पंप बिचारा निर्दोष होता, त्याला ऑइलऐवजी फेस पाजला जात होता, आणि त्याचं कारण डबा कुठे बसवलाय हे होतं. बहुतेक जण या डब्याला नुसती साठवणीची टाकी समजतात, जिथे जागा मिळेल तिथे लावतात. माझ्या मते अख्ख्या स्टिअरिंगमधला हा सगळ्यात दुर्लक्षित पार्ट आहे, म्हणून आज फक्त त्याच्याबद्दल.

थोडी पार्श्वभूमी. फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरनं १९२० च्या दशकात हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग बनवून दाखवलं आणि १९५१ मध्ये क्रायस्लरच्या इम्पिरियल गाडीत ते पहिल्यांदा लोकांना विकत मिळालं. तेव्हापासून मूळ रचना तीच आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा व्हेन पंप, म्हणजे अंडाकृती पोकळीत फिरणारं चक्र आणि त्याच्या खाचांमधून आत-बाहेर सरकणाऱ्या पातळ पट्ट्या. पोकळी रुंद होते तिथे ऑइल आत येतं, अरुंद होते तिथे दाबून बाहेर ढकललं जातं. चाक अडलं की बाहेरच्या बाजूचा दाब सहज १०० बारच्या आसपास जातो. आत येणाऱ्या बाजूला मात्र पंपाच्या मदतीला आहे फक्त हवेचा १ बार दाब. बाहेर १००, आत १, आणि ऑफ-रोड गाडीची सगळी भानगड या १ बारच्या बाजूला होते.

हवा इतकी वाईट का? ऑइल जवळजवळ दाबलंच जात नाही, हवा मात्र सहज दाबली जाते. साध्या वातावरणीय दाबाला ऑइलमध्ये नुसते १ टक्का बुडबुडे असले तरी त्या मिश्रणाचा ताठरपणा शुद्ध ऑइलच्या शंभराव्या हिश्श्यापेक्षाही खाली येतो. दाब वाढला की बुडबुडे आक्रसतात आणि ताठरपणा परत येतो, पण तोवर तुम्ही चाक फिरवलेलं असतं आणि हाताला लिबलिबीत लागलेलं असतं. शिवाय पंपात शिरलेला बुडबुडा क्षणात १ बारवरून १०० बारमध्ये जातो आणि चिरडला जातो, तो कण्हण्याचा आवाज बराचसा याचाच. आणि सक्शनला, म्हणजे पंप ऑइल आत ओढतो त्या बाजूला, दाब फार घसरला तर बुडबुडे बाहेरून यायचीही गरज नसते, कारण ऑइलमध्ये साधारण ८-१० टक्के हवा मुळातच विरघळलेली असते, ती बाहेर पडते. याला कॅव्हिटेशन म्हणतात. इंजिनिअर चार्ल्स पार्सन्सच्या टर्बिनिया या बोटीला १८९४ मध्ये यानंच छळलं होतं, पंखा पाण्यात फिरायचा पण बोट वेग घेत नव्हती.

आता डबा उंच का लावायचा? सगळे सांगतात की उंचीमुळे ऑइल दाबानं पंपात उतरतं. बरोबर आहे, पण आकडा बघा. डबा पंपापेक्षा ३० सेंमी उंच असला तर मिळणारा जादा दाब फक्त ०.०२५ बार. काहीच नाही! त्यापेक्षा होजचा, म्हणजे डब्यातून पंपाकडे जाणाऱ्या नळीचा, व्यास कितीतरी महत्त्वाचा, कारण नळीचा आतला व्यास निम्मा केला की संथ वाहणाऱ्या ऑइलचा अडथळा १६ पट होतो. थंडीत ऑइल घट्ट झालेलं असताना बारीक सक्शन होजमध्ये जेवढा दाब मरतो त्याच्यापुढे उंचीची कमाई कुठल्या कुठे वाहून जाते. म्हणून सक्शन होज आखूड, जाड, कमीत कमी वळणांची, आणि सक्शनसाठीच बनवलेली हवी, साधी नळी आतल्या ओढीनं चपटी होते.

मग उंचीचा खरा उपयोग काय? बुडबुड्यांना घरी जायचा रस्ता मिळतो! हा माझा आवडता भाग, म्हणून जरा सविस्तर सांगतो, थोडं गणित चालवून घ्या. ऑइलमध्ये बुडबुडा किती वेगानं वर चढतो हे स्टोक्सच्या नियमावरून काढता येतं, आणि तो वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. गरम, पातळ झालेल्या ऑइलमध्ये १ मिमीचा बुडबुडा सेकंदाला साधारण ५ सेंमी चढतो, पण ०.१ मिमीचा त्याच्या शंभराव्या भागाच्या वेगानं, म्हणजे अर्धा मिमी. १० सेंमी ऑइल ओलांडायला मोठ्याला २ सेकंद, छोट्याला ३ मिनिटांहून जास्त. आता समजा पंप मिनिटाला ८ लिटर ऑइल फिरवतोय आणि डबा १ लिटरचा आहे, तर ऑइल डब्यात थांबतं जेमतेम साडेसात सेकंद. डब्याचा व्यास १० सेंमी असला तर ऑइल सेकंदाला १.७ सेंमी वेगानं खाली उतरतंय, म्हणजे साधारण अर्ध्या मिमीपेक्षा लहान बुडबुडा वर चढायच्या आत खाली ओढला जाणार आणि परत पंपात. होजमध्ये तर ऑइलचा वेग याच्या कितीतरी पट, तिथे एकदा शिरलेला बुडबुडा इंजिन चालू असताना परत फिरूच शकत नाही. इंजिन बंद केलं की मात्र होज सलग चढती असेल तर तो हळूहळू डब्यात जातो, आणि होजला मधे उंचवटा असेल किंवा पंपच सगळ्यात वर असेल तर तिथेच दबा धरून बसतो.

यावरून वाटेल की डबा रुंद घ्यावा, ऑइल सावकाश उतरेल. सपाट रस्त्यावर खरंय. पण गाडी ३० अंश कलली की १५ सेंमी रुंद डब्यात एका कडेची पातळी ४ सेंमीहून जास्त उतरते, ७ सेंमी रुंद डब्यात फक्त २ सेंमी. तळाचं तोंड त्या कडेला असेल तर ते उघडं पडतं आणि पंप सरळ हवाच पितो. जोरात ब्रेक मारला तरी ऑइलच्या दृष्टीनं गाडी कललेलीच असते. म्हणून मी उंच आणि अरुंद डबा घेईन, तोंड तळाच्या मध्यभागी, आत बॅफलची, म्हणजे ऑइल हिंदकळू न देणारी जाळी, आणि परत येणारं ऑइल पातळीच्या खालून, भिंतीला लागून गोल फिरत सोडणारा. वरून धबधब्यासारखं पडलं तर तेच फेस तयार करतं.

मित्राच्या गाडीचं गणित एवढ्यावर सुटलं. डबा पंपाच्या १५ सेंमी वर होता पण ४० सेंमी मागे. नाक वर करून ३० अंशांचा चढ आला की मागच्या ४० सेंमीमुळे डबा २० सेंमी खाली जातो, वरच्या १५ पैकी १३ शिल्लक राहतात, म्हणजे डबा पंपाच्या ७ सेंमी खाली! सपाट रस्त्यावरची उंची ऑफ-रोडला कामाची नाही, डबा पंपाच्या शक्य तितका डोक्यावर हवा, पुढे नाही, मागे नाही, बाजूलाही नाही. आम्ही एअर फिल्टर सरकवला, डबा पंपाच्या वर आणला, होज अर्धी केली. मग पुढची चाकं उचलून इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहिलो, डब्यात बुडबुडे येणं थांबेपर्यंत.

फेस मारणाऱ्या बाटल्यांबद्दल एक सांगतो, कारण मित्रानं ती पण ओतली होती. चांगल्या ऑइलमध्ये फेसरोधक आधीच असतं, अगदी नगण्य प्रमाणात. सिलिकॉनचं फेसरोधक जास्त झालं तर वरचा फेस फुटतो पण आतले बारीक बुडबुडे उलट जास्त वेळ अडकून राहतात. चुकीच्या जागी बसलेल्या डब्यावर बाटलीतलं औषध नसतं.

जागा ठरवताना एक्झॉस्टपासून लांब राहा, तापलेल्या मॅनिफोल्डवर ऑइल सांडलं तर पेट घेऊ शकतं. आणि पाण्यातून गाडी काढणार असाल तर झाकणाचा ब्रीदर, म्हणजे हवेची ये-जा होणारं भोक, बघा. १०० अंशांना तापलेला डबा एकदम २५ अंशांच्या पाण्यात गेला की आतली हवा पाचव्या हिश्श्यानं आक्रसते आणि त्या भोकातून पाणी आत ओढलं जातं, म्हणून ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटखाली जितकी वर नेता येईल तितकी वर नेऊन बांधा.