आमवात आणि अ‍ॅक्युपंक्चर : आमच्याकडे येण्याआधी एवढं वाचा

सुया लावून घ्यायला आलेल्या पेशंटचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "यानं माझ्या गोळ्या सुटतील का?" उत्तर इथंच देतो. नाही. आमवात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस लिहितात, त्यावर अ‍ॅक्युपंक्चर हा जोडीचा उपचार आहे. दुखणं हलकं व्हायला त्याचा उपयोग होऊ शकतो. सांध्याची मोडतोड थांबवण्याचं काम मात्र औषधाचं आहे, सुईचं नाही.

दुखणं कुठलं, ते आधी बघू

आपल्याकडे सांधा दुखला की सरसकट 'वात आला' म्हणतात. उतारवयात गुडघे झिजतात ते दुखणं निराळं. चालल्यावर, जिने चढल्यावर ते वाढतं आणि बसलं की कमी होतं. आमवाताचं उलट असतं. रात्रभर विश्रांती घेऊनही सकाळी सांधे धरलेले असतात, मूठ वळत नाही, आणि बोटं सुटायला तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जातो. बहुधा दोन्ही हातांची बोटं, दोन्ही मनगटं अशी जोडीनं सुजतात. थकवा असतो, कधी बारीक ताप, कधी वजन उतरतं. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटलेली असते, आणि ती सूज तशीच राहिली तर कूर्चा आणि हाड कुरतडलं जातं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार दोन-तीन पटींनी जास्त आढळतो, आणि तोही अनेकदा ऐन कामाच्या वयात.

म्हणूनच तो आमच्या बेळगाव भागात फार महागात पडतो. निपाणीकडं बिड्या वळणाऱ्या बाईला पान दुमडून दोरा गुंडाळायला बोटांची टोकंच लागतात. वडगाव-शहापुरात मागावर तुटलेला धागा जोडायला चिमूट नीट जुळावी लागते. खानापूर तालुक्यात रोपलावणीच्या दिवसांत चिखलात हात घालून दिवसभर वाकायचं असतं. अशा वेळी "एवढा पाऊस सरू दे, मग बघू" म्हणून दुखणं पुढं ढकललं जातं. पावसात सांधे जास्त ठणकतात असं पुष्कळ जण सांगतात, पण आजार काही पावसानं आलेला नसतो आणि उघडीप पडली म्हणून जात नाही. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झालं तर बोटं वाकडी होण्यापासून वाचवता येतात. पुढं ढकलण्यात नेमके तेच महिने जातात, आणि आम्हाला सगळ्यात वाईट याचंच वाटतं.

त्यामुळं सकाळचा आखडलेपणा आणि सूज सहा आठवडे टिकली असेल तर आमच्याकडे नंतर या, आधी डॉक्टरांकडे जा. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या ते सांगतील. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून आजार नाहीच असं धरू नका. काही पेशंटमध्ये तो निगेटिव्हच राहतो. वातविकारतज्ज्ञ मिळाले तर उत्तम, नाहीतर एमडी मेडिसिन डॉक्टरांपासून सुरुवात करा.

गोळ्यांबद्दल थोडं

मेथोट्रेक्सेट ही या आजारातली नेहमीची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून आम्ही पेशंटला वार ठरवून घ्यायला सांगतो. गावच्या बाजाराचा वार ठेवा, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्याच लक्षात राहतो. सोबत डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिड देतात, आणि लिव्हर व रक्तपेशींची तपासणी वेळोवेळी करावी लागते. मूल हवं असेल तर ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं कित्येक महिने आधी थांबवावी लागते. आमच्याकडे दोन सिटिंगनंतर बरं वाटायला लागलं म्हणून कुणी परस्पर गोळी सोडली, तर दुखणं दबलेलं असताना आत सांधा झिजतच राहतो.

आणखी एक, ओळखीतून मिळणाऱ्या वाताच्या पुड्यांबद्दल. कागदावर नाव नाही, आत काय आहे ते माहीत नाही, पण दोन दिवसांत सांधे मोकळे. अशा पुड्यांत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेलं आढळतं. चेहरा गोल सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. महिनोन्महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका, त्यानंही धोका होतो. पुडी तशीच उचला, डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या सांगण्यावरून कमी करत आणा. लपवू नका, तुम्हाला कुणी बोल लावणार नाही.

सुई लावताना काय होतं

इंजेक्शनची सुई पोकळ असते. आमची भरीव आणि केसासारखी बारीक, साधारण पाव मिलिमीटर जाडीची. तुमच्यासमोर सीलबंद पाकीट फोडतो, सुई एकदाच वापरतो आणि नंतर भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकतो. प्लॅस्टिकच्या बारीक नळीतून टिचकी मारून सुई आत जाते. मुंगी चावल्यासारखं होतं, मग तिथं जडपणा किंवा झिणझिण्या जाणवतात. गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या बाजूला, मनगटाच्या वर, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात असे बिंदू असतात. लाल झालेल्या, गरम लागणाऱ्या सांध्यात आम्ही सुई घालत नाही. वीस ते तीस मिनिटं पडून राहायचं. काहींना तिथंच डुलकी लागते.

हे चीनमधून आपल्याकडे कसं आलं, असं बरेच जण विचारतात. १९३८ साली काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू पुढं १९५० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला जाऊन ही पद्धत शिकून आले. केंद्र सरकारनं २०१९ साली तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

गुण कितपत येतो

सुई लागल्यावर शरीरातली एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्यं सुटतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. पण आमवातावरचे अभ्यास थोडे आहेत. जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००५ सालच्या आढाव्यात दोनच छोटे अभ्यास हाती लागले. एकात सुयांनी ईएसआर-सीआरपीमध्ये, म्हणजे रक्तात सूज दाखवणाऱ्या आकड्यांत, फरक पडला नाही. दुसऱ्यात सुयांना सौम्य वीजप्रवाह जोडल्यावर गुडघेदुखी दुसऱ्या दिवशी कमी झाली, पण अभ्यासाचा दर्जा कच्चा होता. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या वातविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ साली औषधांच्या जोडीला अ‍ॅक्युपंक्चरची शिफारस केली, तीही सशर्त. ठाम शिफारस केली ती नियमित व्यायामाची. त्यामुळं आम्ही बोटांचे व्यायाम शिकवल्याशिवाय कुणाला घरी पाठवत नाही. बिडी-सिगारेट ओढत असाल तर तीही सोडायला सांगतो, कारण धूम्रपानानं हा आजार चिवट होतो.

आठवड्याला एक किंवा दोन अशी सहा सिटिंग करून बघा. तेवढ्यात सकाळचा आखडलेपणा, ठणका किंवा झोप यांत काहीच फरक दिसला नाही तर आम्हीच थांबवायला सांगतो. पुढची फी घ्यायला मन होत नाही.

हे आधी सांगा

गरोदर असाल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पेसमेकर बसवला असेल, ताप किंवा कातडीवर जखम असेल तर सुई लावण्याआधी सांगा. आमवाताची काही औषधं प्रतिकारशक्ती कमी करतात, त्यामुळं सुईच्या जागी लाली-सूज आली तर लगेच फोन करा. थेंबभर रक्त येणं, छोटा काळा-निळा डाग पडणं किंवा क्षणभर चक्कर येणं एवढं होऊ शकतं. म्हणून उपाशीपोटी येऊ नका. सुया छातीवर किंवा पाठीवर लावल्यानंतर दम लागला तर तडक हॉस्पिटल गाठा. सुई फुप्फुसापर्यंत जाणं क्वचितच घडतं, पण ठाऊक असलेलं बरं. आणि मान मोडून 'कडकड' काढणाऱ्यांकडे आमवाताच्या पेशंटनं जाऊच नये. या आजारात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात.

पहिल्या दिवशी रिपोर्टची फाईल, गोळ्यांची पाकिटं आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणा. कन्नडमध्ये लिहिलेली असली तरी चालेल, आम्ही वाचतो. बाह्या कोपरापर्यंत सरकतील असे सैल कपडे घाला. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या बायकांना कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे, ओळखपत्र तेवढं जवळ ठेवा. शक्यतो सकाळी अकरानंतरची वेळ घ्या. तोवर बोटं सुटलेली असतात आणि बसच्या दांड्याला धरता येतं.