केबलचा पीळ सोडू नका

कोथरूडला मेव्हण्याच्या रिडेव्हलपमेंटमधल्या फ्लॅटचं काम चालू आहे. प्लास्टर व्हायच्या आत प्रत्येक खोलीत नेटवर्कची केबल टाकून घे, असा मी धोशा लावला. 'वायफाय असताना वायर कशाला?' हे आलंच. आरसीसीच्या दोन भिंती ओलांडताना ५ गिगाहर्ट्झच्या लहरी दमतात; तांब्याची तार १०० मीटरपर्यंत बिनतक्रार धावते. राउटर ईशान्येला ठेवा, असाही एक सल्ला मिळाला. लहरींना दिशा कळत नाहीत, भिंती कळतात.

पण खरी गंमत केबलच्या पोटात आहे. कॅट-६ ही घरोघरी टाकतात ती नेटवर्कची केबल, ती सोलून बघा. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा चार जोड्या, प्रत्येक सुंभासारखी पिळलेली. ही युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलची, पेटंट १८८१ चं.

समजा, जोडीतल्या एका तारेत सिग्नल +१ आहे, तर दुसरीत −१. पलीकडचं यंत्र फक्त दोघींतला फरक मोजतं : २. आता शेजारच्या लाइटच्या वायरने दोन्ही तारांत ०.३ ची घुसखोरी केली. झाले १.३ आणि −०.७. वजाबाकी करा, फरक २ च! मेख एवढीच की घुसखोरी दोघींत सारखी हवी. तारा सरळ असल्या तर जवळची जास्त पकडणार. पिळल्या की अर्ध्या वेढ्यात ही जवळ, पुढच्या अर्ध्यात ती. फॅरेडेच्या भाषेत, दोन तारांमधल्या प्रत्येक फटीत बदलतं चुंबकीय क्षेत्र व्होल्टेज उभं करतं, पण लगतच्या फटीतलं उलट दिशेचं, म्हणून दोन्ही एकमेकांना खातात.

आणि चारही जोड्यांचा पीळ सारखा नसतो, पट्टी लावून बघा. सारखा असता तर शेजारच्या जोड्या एकाच तालात फिरल्या असत्या. हिची ठरावीक तार तिच्या ठरावीक तारेलाच कायम बिलगून. म्हणजे पिळूनही पुन्हा सरळ तारांचंच दुखणं.

परवा साइटवर गेलो, तर वायरमनने टोकाचा चांगला दोन इंच पीळ सोडून आठही तारा विंचरल्यासारख्या सरळ केलेल्या.

"फिनिशिंग बघा, सर."

"अर्ध्या इंचापेक्षा जास्त पीळ सोडायचा नाही हो."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीतल्या बॉक्सकडे. "परत कापतो. पण केबल तेवढी उरली पाहिजे."